उपरण्याखालचा हात

निपाणीच्या तंबाखू पेठेत तोंडानं दर बोलणारा माणूस एक तर परगावचा असे, नाहीतर पिऊन आलेला. शहाणी माणसं बोटांनी बोलत. खरेदीदार आपलं उपरणं शेतकऱ्याच्या हातावर टाकी, त्याच्या आडोशाला दोघांचे हात भेटत आणि सौदा सुरू होई. आख्खं बोट धरलं की रुपया, पेर दाबलं की आणे, आणि समोरच्यानं हात काढून घेतला की समजायचं, दर पटला नाही, वर चढा; न चढताच तो हात परत आला, तर सौदा पटला. उपरण्याखाली असं घमासान चाललेलं असताना वरची तोंडं मात्र पाऊसपाणी, व्यालेली म्हैस, पोरीला आलेलं स्थळ असलं काहीबाही बोलत राहत. शेजारच्याला दर कळू नये म्हणून काढलेली ही युक्ती. ती इतकी अंगवळणी पडली होती की घरी बायकोशी भांडतानासुद्धा काहीजणांची बोटं वळवळत.

भरमू हा तिथल्या एका वखारीचा खरेदीचा माणूस. दिसायला बेताचा, शाळेशी त्याचं कधी जमलं नव्हतं, पण हात असा की पेठेत त्याला जोड नव्हती. डोळे मिटून नुसत्या पंजावरून तो माणूस ओळखी. खुडणीच्या दिवसांत तंबाखूचा चीक बसून सगळ्यांचेच हात काळे आणि खरखरीत झालेले असत. तरी कुणाच्या तळव्याला घाम सुटलाय, कुणाची बोटं सैल पडलीत, कोण नुसता ताणतोय आणि कोण खरोखर माल परत घेऊन जाईल, हे भरमूला कळे. या कळण्याचा तो फायदा घेत नसे असं म्हणणं म्हणजे मांजर दुधाकडे बघत नाही म्हणण्यापैकी आहे. घेत असे, पण हात राखून.

आणि नेमकी त्याच हाताला धाड भरली. उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या बुडाशी एक लालसर चट्टा उठला. खाजायला लागला. मग त्यावर पांढरी खवलं धरली, खवलं निघाली की खालचं कातडं चिरू लागलं, आणि थंडी पडेपर्यंत निम्म्याहून जास्त तळवा त्यानं व्यापला. भरमूच्या डोक्यात जो शब्द आला तो त्या काळी माणसं मनातल्या मनातसुद्धा हळू उच्चारत. महारोग. ज्याला तो झाला त्याचं आधी ताट वेगळं होई, मग खोली, मग गाव. महारोगात कातडी बधिर होते असं त्यानं ऐकलं होतं, म्हणून तो चहाचा तापलेला पेला गुपचूप तळव्याला टेकवून बघे. चटका बसे. मग वाटे, बसला खरा, पण पूर्वीइतका बसला का? आता पूर्वी किती बसत होता हे कुणी लक्षात ठेवलंय? तो पुन्हा पेला टेकवी आणि आणखी गोंधळून जाई.

त्यानं कुणाला विचारलं नाही. हाताला कडुनिंबाचं तेल चोपडलं, वर जुन्या धोतराचं जाड फडकं गुंडाळलं आणि जो विचारेल त्याला सांगितलं, गुऱ्हाळात उकळत्या रसाचा चटका बसलाय. लोकांनी विश्वास ठेवला, तिथंच त्याचं नशीब फुटलं. भाजल्यावरचं औषध ज्याला त्याला ठाऊक. कुणी कोरफड आणून दिली, कुणी मध, कुणी केळीच्या गाभ्याचं पाणी. आणि पुन्हा भेटले की विचारायचे, बरं वाटतंय का? भरमू म्हणायचा, वाटतंय. आता बरं वाटतंय म्हटल्यावर कधीतरी बरं व्हायलाही पाहिजे, ते काही होईना. मग औषधं देणाऱ्यांना टाळणं आलं. टाळता टाळता लग्नं, बारशी, जत्रा, सगळंच सुटलं. ज्याला पंचक्रोशीतल्या घराघरांतली खबर असायची, त्याला आता शेजारच्या आळीत कोण वारलं तेही कळेनासं झालं.

घरात तर आणखी निराळं. मालुबाईच्या, म्हणजे बायकोच्या, हातून तो ताट घेईना. तिनं खाली ठेवलं आणि ती आत गेली, की मग ओढून घेई. तिला वाटलं आमटी बिघडतेय. तिनं चटणी वाढवली, मग कमी केली, मग मसालाच बदलला. बिचारीला काही उमगेना, आणि विचारायची सोय यानं ठेवली नव्हती.

होळीच्या सुमाराला पेठ भरली. भरमू फडकं गुंडाळलेला हात उपरण्याखाली घालू लागला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला काही ऐकूच येत नाही. जाड फडक्यातनं बोटं लागत, पण बोलत नसत. एखाद्याचा हात जरा हलला तर तो दर पटला नाही म्हणून हलला, की फडक्याचा वास आला म्हणून? एखाद्यानं हात काढून घेतला तर ती घासाघीस, की किळस? पेठेत हात काढून घेणं ही रोजचीच गोष्ट. आजवर किती हात त्याच्या पंजातनं निसटले होते, त्यातल्या एकाचंही त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आता प्रत्येक निसटता हात त्याच्या काळजाला लागू लागला. मग तो घाईघाईनं एक पेर वाढवी, कधी आख्खं बोट वाढवी, की तो हात परत यावा. हात परत येई. भरमूला घटकाभर हायसं वाटे, आणि लगेच वाटे, दरासाठी आलाय, माझ्यासाठी कुठं?

शेतकरी काही खुळे नव्हते. भरमूचा हात यंदा सढळ आहे ही बातमी वाऱ्यावर गेली आणि त्याच्यापुढं गाड्यांची रांग लागली. वखार गच्च भरली तसे तिचे मालक शेठ आधी खूश झाले आणि मग फार गप्प झाले.

त्या रांगेत कोगनोळीचा आण्णाप्पा होता. आण्णाप्पाच्या रानातल्या पाल्याला पेठेत तोड नव्हती, आणि त्याची गाडी जिथं सुटेल तिथं सगळी कोगनोळी आपल्या गाड्या सोडी. भरमूची आणि त्याची ओळख जुनी, चेष्टामस्करीची. पण त्या दिवशी तो अंगाभोवती घोंगडं लपेटून, ओठ मिटून उभा राहिला. भरमूनं उपरणं टाकलं. खाली आण्णाप्पाचा हात आला. भरमूनं अंगठ्याशेजारचं बोट धरायला चाचपलं, तर ते आखूड लागलं. पुन्हा चाचपलं. आण्णाप्पानं ते बोट आखडून धरलं होतं.

बाकीचे हात काढून घेत, त्यात निदान संशयाला जागा तरी होती. यानं हात काढून घेतला नव्हता. जे बोट आपल्या तळव्याला लागलं असतं तेवढंच अलगद मागं ठेवलं होतं. म्हणजे याला कळलंय. भाजल्याची थाप याच्यापाशी चाललेली नाही. भरमूनं मान खाली घातली आणि दुसरी बोटं धरून असा दर दिला की तसा त्या हंगामात कुणी कुणाला दिला नसेल. आण्णाप्पानं त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. माल उतरवला, चहाला न थांबता गाडी जुंपली आणि निघून गेला.

पुढच्या हंगामात कोगनोळीच्या गाड्या वखारीच्या दारावरून गेल्या, थांबल्या नाहीत. सगळ्यात पुढं आण्णाप्पाची होती.

शेठनी भरमूला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, आण्णाप्पाचा निम्मा माल अजून घरात आहे. तो इथं आण, आणि वाजवी दरात आण. नाही जमलं तर उपरणं खुंटीला लाव आणि मागं बोद शिवायला बस. तंबाखूचे बोद, म्हणजे माल भरायची गोणपाटं, शिवणं हे काही कमी प्रतीचं काम नव्हे, तिथंही माणसं पोट भरतात. पण ज्यानं सारी उमर बोटांनी बोलण्यात घालवली त्याला मागं नेऊन बसवायचं म्हणजे त्याची जीभ काढून घेण्यातलाच प्रकार. भरमू बाहेर आला तेव्हा त्याला एवढंच कळत होतं, की उपरण्याखाली आण्णाप्पाच्या हातात पुन्हा हात घालायचा आहे. आणि कसा घालायचा ते अजिबात कळत नव्हतं.

अशा वेळी माणूस बहिणीकडं जातो. नागुबाई त्याची थोरली बहीण, येळ्ळूरला दिलेली. भरमू सकाळची सर्व्हिस मोटार धरून बेळगावला उतरला आणि तिथनं चालत येळ्ळूर गाठलं. नागुबाईला पहिल्या बाळंतपणापासून अंगभर कोंडा धरायचा. हात, पाय, पाठ, डोक्याची कातडी, काही सुटलेलं नव्हतं. जुन्या भिंतीचा चुना सुटावा तशी खवलं तिच्या अंगावरून पडत. भरमू लहानपणापासून हे ऐकत, बघत आला होता, पण तिचा तो कोंडा आणि आपला हा रोग यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तो पोचला तेव्हा ती भर उन्हात अंगणात बसून, बाह्या वर सारून, चार बायकांबरोबर मिरच्यांची देठं खुडत होती आणि कुणाच्यातरी सुनेची नक्कल करत होती. बायका हसून लोळत होत्या.

आत गेल्यावर तिनं त्याच्या हाताचं फडकं सोडलं. भरमूनं डोळे मिटून घेतले.

"ह्येच व्हय?" नागुबाई म्हणाली. "मला वाटलं हात तुटला का काय."

दुसऱ्या दिवशी ती त्याला बेळगावात तिच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. श्रीपादराव त्यांचं नाव. बोलायला तुटक, पण गरिबाला ताटकळत न ठेवणारे. त्यांनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं. भरमूच्या तळव्याला, बोटांना, मनगटाला टाचणी टोचून पाहिली. भरमू दर वेळी कळवळला, आणि डॉक्टर दर वेळी समाधानानं मान हलवत राहिले. मग म्हणाले, महारोग नव्हे. सोरायसिस म्हणतात याला, तुम्हा दोघांना तोच आहे. घराण्यात असतो, कमीजास्त होत राहतो, पण शिवल्यानं कुणाला लागत नाही. बहिणीचा जबर आहे, तुमचा अगदी हलका.

भरमूला रडूच आलं. वाट चुकलेल्या माणसाला घर दिसावं तसं झालं. पण रडून झाल्यावर तो एकच शब्द त्याच्या कानात अडकून बसला. हलका. हलका म्हणजे काय? ज्यापायी वर्षभर झोप नाही, ज्यापायी बायकोच्या हातचं ताट नाही, तो हलका?

डॉक्टरांनी नेहमीचे चार प्रश्न विचारले. झोप लागते का? नागुबाई म्हणाली, थंडीत खाज सुटली तर न्हाय लागत, एरवी पडलं की घोरायला लागते. भरमू म्हणाला, लागत नाही. माणसांत जाणंयेणं आहे का? नागुबाई परवाच एका साखरपुड्याला जेवून आली होती आणि जेवणाबद्दल तिची तक्रारही होती. भरमू टाचणी टोचलेलं बोट चोळत राहिला. कामधंदा? नागुबाई पाच म्हशींची धार काढत होती. भरमूचं काम जायच्या बेतात होतं. डॉक्टरांनी चश्मा काढून टेबलावर ठेवला. एकदा बाईकडं बघितलं, एकदा भावाकडं.

"पुस्तकात लिहिलंय, अंग किती व्यापलंय ते बघा आणि रोग हलका की जबर ते ठरवा. त्या हिशेबानं बाईंनी अंथरूण धरायला हवं आणि तुम्ही शीळ घालत हिंडायला हवं. हे उलटं कसं झालं ते मला विचारू नका. मला समजत नाही."

त्यांनी डांबराचं मलम दिलं, ते निजताना लावायला सांगितलं आणि दिवसा हात मोकळा ठेवा म्हणाले. डॉक्टरलाच समजत नाही म्हटल्यावर आपण कुणाकडं बघायचं, असं भरमूला झालं. येळ्ळूरच्या वाटेवर त्यानं विचारलं, "आक्का, तुला लाज न्हाय वाटत?"

नागुबाई चालता चालता थांबली. तिला राग आला असावा, पण तो तिनं गिळला.

"वाटती की. न वाटाय मी काय दगूड हाय? पयल्या सालात हिरीवर बाया घागरी सरकवून घ्यायच्या. म्या बी घरातच बसून ऱ्हायलते. मग सासू आथरुनाला खिळली. तिला उचलाय दुसरं कोन न्हवतं. तिनं काय बघावं, माजं कातडं? तिला उटून बसायचं हुतं. तिला धरता धरता माजी भीती गेली. मग हिरीवर जायला लागले. तवा ध्येनात आलं, बाया अजून बी घागरी सरकवत्यात. पर हिरीवर जागाच कमी हाय, भरमू. येकमेकीला बी सरकवत्यात. त्यातलं माज्यापायी किती न् जागंपायी किती, ते कसं कळायचं? म्या सोडून दिलं ते कळून घ्याचं."

भरमूला हे पटलं असं नाही. त्याला वाटलं, ही मुळातच निगरगट्ट, हिचं निराळं. तरी ते हिरीवरच्या जागेचं त्याच्या डोक्यात कुसळासारखं रुतून राहिलं. घरी पोचल्यावर नागुबाईनं त्याच्या हाताचं ते फडकं घेतलं, त्याच फडक्यानं चुलीवरचं तापलेलं भगुनं उतरवलं आणि मग ते खुशाल चुलीत घातलं. भरमू बघत राहिला. परत गुंडाळायला काही उरलं नाही, एवढंच त्याला कळलं.

निपाणीला परतला तो घरी न जाता थेट कोगनोळीला गेला. घरी गेलो तर पुन्हा जाणं होणार नाही, एवढं त्याला स्वतःबद्दल ठाऊक होतं. उघडा हात त्यानं वाटभर सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

आण्णाप्पा घराच्या सोप्यात बसला होता. अंगाभोवती घोंगडं, उजवा हात आत. त्यानं 'ये' म्हटलं, पण पूर्वीसारखं उठून पुढं आला नाही. भरमू खाली अंथरलेल्या घोंगडीच्या टोकाला टेकला. मग दोघांनी बराच वेळ पावसाबद्दल बोलून घेतलं, त्या दिवसांत पावसाचा काही संबंध नसताना. आण्णाप्पाची बायको राजाबाई चहा घेऊन आली. तिनं बशी पुढं केली तर भरमूनं डावा हात काढला. नवऱ्यापुढं केली तर त्यानंही डावाच. राजाबाईनं एकदा याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"काय वो भाऊजी, आमच्या घरचा चा डाव्या हातानं?" ती म्हणाली. "ह्येंचं एक मला ठावं हाय. तुमचं काय मोडलंय?"

दोघंही बशीतच बघत राहिले, तशी ती फणकाऱ्यानं आत गेली. ह्येंचं एक ठावं हाय म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. पण भरमूचं सगळं लक्ष त्याच्या स्वतःच्या खिशात होतं, नेहमीसारखं.

चहा संपल्यावर त्यानं मालाचा विषय काढला. आण्णाप्पानं सरळ नकार दिला. म्हणाला, तुझ्या वखारीला नाही द्यायचा, गेल्या साली दिला तेवढा पुरे. भरमूनं विचारलं, दर कमी पडला का? तर आण्णाप्पा म्हणाला, "न्हाय. जास्त पडला."

भरमू चक्रावला. जास्त दर मिळाला म्हणून तुटलेला शेतकरी त्यानं जन्मात बघितला नव्हता. किळस आली म्हणाला असता तर कळलं असतं. हे काय? काहीच सुचेना तेव्हा माणूस जे आयुष्यभर करत आला तेच करतो. भरमूनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या मधोमध टाकलं.

उपरणं टाकल्यावर हात न घालणं म्हणजे घरी आलेल्याला पाणी न विचारणं. आण्णाप्पा त्या उपरण्याकडं नुसता बघत बसला. मग त्यानं घोंगड्याच्या आतूनच, उघडा पडू न देता, हात उपरण्याखाली सरकवला. भरमूनं खिशातला हात काढला. तळव्याला वारा लागला तशी चिरांत आग झाली. त्यानं तो खाली घातला.

आधी त्याला स्वतःचाच हात लागला. म्हणजे आपली खवलं त्याच्या कातड्यावर घासताहेत तेवढंच कळलं. तो थांबला. आण्णाप्पाचा हात हलला नाही. मग भरमूनं सवयीनं अंगठ्याशेजारचं बोट धरलं, आणि ते आखूडच लागलं. पण आता मधे फडकं नव्हतं. बोटाला पुढं नख नव्हतं. पेर संपत होतं तिथं एक गुळगुळीत, कडक गाठ होती, जखम भरून आल्यावर राहते तशी. बोट आखडलेलं नव्हतं. बोट नव्हतंच.

भरमूनं ती गाठ दोनदा चाचपली. सौद्यात असं कुणी करत नाही.

"बोट कुठं गेलं?" त्यानं विचारलं.

"चरकात. गेल्या सालच्या होळीआदी, गुऱ्हाळात ऊस घालताना." आण्णाप्पा भिंतीकडं बघून म्हणाला. "सगळ्या गावाला ठावं हाय. तुला न्हवतं ठावं?"

भरमू म्हणाला, नव्हतं. मग म्हणाला, मला वाटलं तू मुद्दाम आखडून घेतलंस. आण्णाप्पानं विचारलं, कशापायी आखडू? त्यावर भरमूनं उपरणं बाजूला केलं आणि तळवा उजेडात धरला. दिवसाउजेडी, आक्का आणि डॉक्टरांखेरीज दुसऱ्याला, पहिल्यांदाच. खवलं, लाली, चिरा, सगळं जसंच्या तसं होतं. डॉक्टरांचं मलम लावून दोनच रात्री झाल्या होत्या, एवढ्यात काय होणार.

आण्णाप्पानं वाकून बघितलं. "ह्ये भाजल्यालं न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय."

"लागतंय व्हय कुनाला?"

"डागदर म्हनाला न्हाय लागत. आक्काला अंगभर हाय. तिच्या घरात कुनाला लागलं न्हाय."

आण्णाप्पाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग एकदम त्याला गेल्या सालचं काहीतरी आठवलं असावं, कारण त्याचा आवाज चढला. "मग दर कशाला वाढवून दिलास रं? मी म्हनलो, ह्येनं माज्या थोट्या बोटावर भीक घातली. त्यो पैसा मला घरात ठिववंना झाला. तुला किळस आली असंल म्हनून हाताला फडकी गुंडाळून आलास, असं बी वाटलं."

भरमूला हसावं की रडावं कळेना. वर्षभर तो या माणसाच्या किळसेनं जळत होता, आणि हा माणूस तिकडं याच्या किळसेनं. एका उपरण्याखाली दोन हात होते आणि दोघंही आपापलाच हात चाचपत बसले होते. भरमू, जो म्हणे डोळे मिटून पंजा ओळखायचा. त्याला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती, रोगाचीसुद्धा नाही. तो काहीतरी बोलायला गेला, पण त्याला शब्दांची सवय नव्हती. त्यानं उपरणं पुन्हा दोघांच्या हातांवर ओढलं.

"धर," आण्णाप्पा म्हणाला. "पर येक सांगून ठिवतो. त्ये बोट अर्दं हाय, तरी धरताना पुरं धरायचं."

भरमूनं पुरं धरलं. मग पुढची दोन बोटं धरली, एक पेर दाबलं. वाजवी दर होता. गेल्या सालापेक्षा कमी, पेठेपेक्षा कमी नाही.

आण्णाप्पानं हात काढून घेतला.

भरमूच्या डोक्यात पुन्हा तेच आलं. सवयच पडली होती. दर पटला नाही म्हणून, की आत्ता तळवा बघितला म्हणून? न्हाय लागत असं सांगितलं खरं, पण सांगितल्यानं मनातलं जातं का? त्याचा हात शिवशिवू लागला, पेर वाढवावं, आख्खं बोट वाढवावं, हात परत यावा. तो आण्णाप्पाच्या तोंडाकडं बघू लागला, पण आण्णाप्पा रिवाजाप्रमाणे म्हशीबद्दल बोलायला लागला होता. यंदा दूध कमी देतेय म्हणत होता. तोंडावरून काहीही कळत नव्हतं, आणि विचारायचं नसतं. हिरीवर जागाच कमी हाय, भरमूला आठवलं. आठवून बरं वाटलं असंही नाही.

पण त्यानं पेर वाढवलं नाही. उपरण्याखाली आपला हात होता तिथंच ठेवला, तळवा वर करून, उघडा, आणि म्हशीला सरकी घालून बघ म्हणाला. आण्णाप्पा म्हणाला, घालून बघितली. भरमू म्हणाला, मग पेंड घाल. तळवा खाजत होता. त्यानं तो हलवला नाही.

मग उपरणं जरासं हललं. आधी आखूड बोट आलं, त्याच्या मागनं बाकीची आली.